एकशे सतरा बदल

१२ मार्च

प्रणयदादाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. चार्जर वाकडा धरल्याशिवाय चालत नाही, 'ळ'चं बटण दोनदा दाबावं लागतं, पण फुकट ते पौष्टिक. दादा म्हणजे काळूरामकाकांचा मुलगा, माझा सख्खा चुलतभाऊ. घणसोलीला कंपनीत आहे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी गावाला येतो. मी बी.एस्सी. होऊन पोयनाडच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे उत्पन्नाचे दाखले भरते, हे त्याला बघवत नाही म्हणे. मला तरी कुठे बघवतंय.

तो 'खाजन' नावाच्या ॲपवर फावल्या वेळात काम करतो. गोव्यातल्या काही मंडळींनी ते खाडीकाठच्या शेतांसाठी बनवलंय. भरती कधी, ओहोटी कधी, बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं फळीचं दार, केव्हा उघडायची आणि केव्हा बंद करायची, याची फोनवर घंटा वाजते. उघाडी उशिरा बंद झाली की खारं पाणी भातात शिरतं, मग वर्षभर बसा बोंबलत. ॲप फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड उघड्यावर ठेवलेला आहे. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. चांगली असेल तर ते आत घेतात. दादा म्हणाला, "क्लासला पैसे घालवू नको हेमे. हे कर. लोकांच्या कोडमध्ये हात घातल्याशिवाय हात बसत नाही."

ॲपचं मराठी वाचून मी पोट धरून हसले. उघाडीला 'फाटक' लिहिलंय. उधाणाला 'वसंत भरती'. उद्या दुकानातून आल्यावर बसते.

१६ मार्च

एकेचाळीस शब्द दुरुस्त केले आणि आत गेले! शब्दच ते, पण आपला शब्द दापोलीपासून पेडण्यापर्यंत कुणाच्या तरी फोनवर दिसणार म्हणून मी दुकानात दिवसभर उगाच हसत होते. मालकाला वाटलं माझं लग्न ठरलं.

माझं स्वतःचं खातं उघडायचं होतं, पण दादा नको म्हणाला. नवख्या माणसाचे बदल महिना महिना पडून राहतात, त्याचे लगेच बघतात. मी फाइल त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची, तो नजर टाकून वर चढवणार. यादीत त्याचं नाव दिसलं. साहजिक आहे, पत्र पेटीत टाकायला तोच गेला होता. आपल्याकडे बांधाच्या कामाला घरटी एक माणूस जातो तेव्हा वहीत घराचंच नाव लागतं, कोण गेलं ते कुणी लिहीत नाही. काम घराचं, नाव घराचं.

४ एप्रिल

गोव्याहून ग्लेनिस म्हणून एक बाई सगळे बदल तपासतात. प्रकल्प त्यांनीच सुरू केलाय. मी पाठवलेली तिसरी दुरुस्ती त्यांनी परत केली. म्हणे, यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एका बदलात एकच गोष्ट हवी, आणि तो का केला ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे. नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस लॅपटॉप उघडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी उघडून एकाचे चार बदल केले. प्रत्येकाची एक ओळ लिहिताना कळलं की त्यातल्या दोहोंचं कारण मलाच माहीत नव्हतं. ते टाकून दिले. बाई खडूस आहेत, पण खोट्या नाहीत.

२७ एप्रिल

आज मी अख्खं ॲप पाडलं. म्हणजे माझ्या लॅपटॉपवरचं. एक ओळ इकडची तिकडे केली आणि कुठल्याच गावाची भरती दिसेना. सकाळी सहाला बसले ती दुपारी जेवायला उठले. ओळ शोधण्यापेक्षा तिथे पोचेपर्यंत दुसऱ्यांचं जे वाचलं त्यातच जास्त शिकले. आता मी काही बदलायच्या आधी चाचणी लिहिते, म्हणजे मोडलं तर तिथल्या तिथे ओरडतं. हे मला कुणी शिकवलं नाही, ठेच लागून आलं.

दादाला फोनवर सांगत होते तर तो म्हणाला, "ते चाचणीचं मला जरा नीट समजावून सांग ना." अर्धा तास सांगितलं. एवढा मोठा माणूस, पण विचारायला लाजत नाही. हा त्याचा गुण घेण्यासारखा आहे.

११ मे

आज बांधाचं काम होतं. पावसाच्या आधी बांधाला पडलेल्या खांडी बुजवतात. काका आले नाहीत, त्यांची कंबर. बाबा ट्रेलर घेऊन इंदूरकडे. म्हणून दोन्ही घरांच्या वतीने मी आणि आई. दुपारपर्यंत चिखलाच्या पाट्या वाहिल्या. वहीत दोन्ही घरांचं मिळून 'काळूराम घरत' लागलं, दरवर्षीसारखं.

रघूनाना उघाडीवर बसले होते. चाळीस वर्षं तेच उघाडी सांभाळतात. मी त्यांना ॲप दाखवलं तर म्हणाले, "रेंज गेली तर काय करतं तुजा यंत्र?"

मी म्हटलं, गप्प बसतं.

"मंग ते काय कामाचा गो? पावसान चार दिस रेंज नसते. तिथीची पाऊनपट कर, भरतीचा टायम निंगतो. अष्टमीला सा वाजता. चतुर्थीला तीन. तुजे आज्याला पन ठावा होता."

तिथीला पाऊण‌ने गुणायचं. बस. मला हे माहीत होतं आणि कधी सुचलं नाही! रेंज नसेल तेव्हा फोनने हेच करावं. येताना आईच्या पुढे चालत होते, पाय जमिनीवर नव्हते.

३ जून

झालं. पंचांगातल्या तिथ्या फोनमध्येच साठवल्या, रेंज गेली की पाऊणपट धरून घंटा वाजते. बावीस दिवस लागले. अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा खोडलं. रात्री दादाला पाठवलं, आज आत गेलं.

ग्लेनिसबाईंनी खाली लिहिलंय: "प्रणय, या प्रकल्पात आलेली ही सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे. हे एखाद्या खाडीकाठच्या माणसालाच सुचू शकतं."

मी ते चारदा वाचलं. चारही वेळा 'प्रणय'पाशी अडखळले. मग स्वतःलाच दटावलं, की बाईंना काय स्वप्न पडणार आहे माझं? दादाने खाली 'धन्यवाद' लिहिलंय. घाईत असेल.

२२ जून

दादाला पणजीला भाषणाला बोलावलंय, तिथीच्या घंटेवर. सगळं मला विचारून विचारून त्याने टिपणं काढली. पडद्यावर दाखवायची चित्रंही मीच काढून दिली. "शेवटी तुझं नाव टाकतो," म्हणाला. मला कुठला फोटो चालेल ते विचारलं नाही, तरी मी बीचवरचा एक काढून ठेवलाय, किहीमचा.

२९ जून

भाषण इंटरनेटवर आलंय. चांगलं बोलला. शेवटचं चित्र नव्हतं. वेळ संपली असं म्हणाला. असेल.

६ जुलै

'खाजन'वाले एका माणसाला वर्षभर पगारावर घेणार आहेत. घरी बसून मराठी भाग सांभाळायचा. अट एकच, तुम्ही आतापर्यंत काय केलं ते दाखवा. मी मोजलं. मार्चपासून माझे एकशे सतरा बदल आत गेलेत. पोयनाडच्या झेरॉक्सला रामराम, लोकांच्या अंगठ्याची शाई पुसणं बंद, आणि जे मला येतं तेच दिवसभर करायचं! आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला इतकी हवी आहे.

स्वतःच्या नावाने खातं उघडलं. अर्जात तिथीची घंटा सगळ्यांत वर लिहिली. दादाला सांगितलं नाही, झाल्यावर पेढाच देईन.

१४ जुलै

उत्तर आलं. जसंच्या तसं मराठीत लिहून ठेवते, म्हणजे मी विसरणार नाही.

"तुम्ही दिलेले सर्व बदल प्रणय घरत यांचे आहेत. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवणं आम्ही गंभीर मानतो. श्री. घरत यांना विचारलं असता त्यांनी कळवलं की तुम्ही त्यांची धाकटी बहीण आहात, ते तुम्हाला शिकवत आहेत आणि तुमचा गैरसमज झाला असावा. तुमचा अर्ज बाद करत आहोत."

गैरसमज.

दादाला अकरा फोन केले. उचलला नाही.

१५ जुलै

दुकानात गेले नाही. दिवसभर नियमावली वाचत बसले, जी मार्चमध्येच वाचायला हवी होती. प्रत्येक बदलासोबत दोन नावं नोंदवायची सोय असते. लिहिणारा वेगळा, वर चढवणारा वेगळा. लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव घालायला त्याला एक ओळ टाईप करावी लागली असती. एकशे सतरा वेळा तो ती ओळ सोडून पुढे गेला. पत्र पेटीत टाकणारा म्हणत होते मी त्याला. त्याने पाकिटावरचं नाव खोडून आपलं घातलं होतं, आणि मी आभार मानत होते. इतकी कशी मी मूर्ख.

२० जुलै

दादा आला. पडवीत सगळे बसलेले, काका, आई, मी. चहा झाला. मी विचारलं, "ते बदल कुणाचे?"

"अगं टेन्शन नको घेऊ. टीमवर्क असतं ते."

"तू त्यातली एक ओळ तरी लिहिलीस?"

"मी चढवले नसते तर कुणी बघितलं असतं का? लॅपटॉप कुणी दिला? सुरुवात कुणी करून दिली?" मग खाली बघून म्हणाला, "आणि ऐक, ती जागा मला मिळालीये. कंपनीत माणसं कमी करतायत, माझं नाव लिस्टमध्ये होतं. मला गरज होती हेमे. पुढच्या वर्षी तुझं करू."

मी म्हटलं, तुझ्या व्हॉट्सॲपवर माझ्या एकशे सतरा फाइली आहेत, तारखेसकट. मी त्या बाईंना पाठवते.

काका उठून उभे राहिले. "भावाला चोर ठरवशील? भाईर जाऊन? नाव कुनाचा लागला त्याचा? घरतांचाच ना? मंग?"

मी आईकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती कपबशा गोळा करत होती. दादा गेल्यावर चुलीपाशी मला म्हणाली, "नको पाठवू. घरची गोष्ट घरान. मी बावीस वरसं बांधावर माती घालतेय, माजा नाव कंच्या वहीत हाय? मेले का मी?"

मी तिला म्हटलं, तू मेली नाहीस म्हणून मी पण गप्प बसू का? मी फाइली पाठवल्या नाहीत. का नाही पाठवल्या ते मला आज लिहिता येत नाही. दादाने लुबाडलं याच्यापेक्षा आईने कपबशा उचलल्या ते जास्त लागलंय.

१७ ऑगस्ट

महिना झाला, लॅपटॉप उघडलेला नाही. दुकानात दाखले भरते. मालक म्हणतो हल्ली तुझ्या चुका होत नाहीत. डोकंच वापरत नाही, चुका कुठून होणार.

दादाचे तीन मेसेज आले. कुठल्यातरी ओळीचा अर्थ विचारतोय. माझ्याच ओळीचा. उत्तर दिलं नाही.

२६ ऑगस्ट

काल खारं पाणी आत आलं.

रघूनाना आठवडाभर लेकीकडे श्रीवर्धनला गेलेत. जाताना उघाडी काकांच्या ताब्यात दिली, कारण काकांच्या फोनमध्ये ॲप आहे आणि 'आमचे प्रणयनी बनवलाय' असं ते गावभर सांगतात. परवापासून वादळी पाऊस, रेंज नाही. पण घंटा तर वाजणारच होती. काका तिच्या भरवशावर घरी पडून राहिले. घंटा वाजली, ते उघाडीवर गेले, तर पाणी केव्हाचंच आत शिरलेलं. लाट जोराची, फळी खाली बसेना. अकरा घरांची लावणी झालेली शेतं खाऱ्यात गेली. आमचंही. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून बघत होते. रोपं वरून हिरवीच दिसतात पहिल्या दिवशी.

घंटा पाऊण तास उशिरा वाजली होती. ती घंटा माझी.

२७ ऑगस्ट

चूक सापडली. शोधायला वेळ लागला नाही, मीच लिहिलंय ते. अमावास्येनंतर प्रतिपदा झाली आणि पंचांगात दुसऱ्या दिवशी थेट तृतीया, द्वितीयेचा क्षय. माझ्या हिशेबात एक तिथी गळली की भरती एकदम दीड तास पुढे उडी मारते. समुद्र कशाला उडी मारतोय, तो रोज आपला पाऊण तासाच्या आसपासच सरकतो.

रघूनाना धावत परत आले. मी त्यांना विचारलं.

"क्षयतिथीला पाऊनपट धरत नाय गो. त्या दिशी पानी बघाचा. लहान पोरांना पन ठावा हाय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलास कुठं? पाऊनपट आयकली नं पललीस."

खरं आहे. चाचण्या लिहिल्या, अकरा वेळा खोडलं, आणि ज्याचं ज्ञान त्याला एकदाही नेऊन दाखवलं नाही. आज मला दादाचा राग येण्याइतकीही जागा नव्हती.

२८ ऑगस्ट

ती जागा दादाने करून दिली.

रेंज आली तसं कुणीतरी 'खाजन'वर आमच्या उघाडीची हकीकत लिहिली. ग्लेनिसबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "प्रणय, हा भाग तुमचा आहे. काय झालं?" दोन तासांनी त्याचं उत्तर आलं: "हा विशिष्ट भाग माझ्या चुलतबहिणीने, हेमाली घरतने, लिहिला होता. मी फक्त वर चढवला. तिच्यावर विश्वास ठेवला ही माझी चूक."

त्याने हेच काकांना फोनवर सांगितलं. संध्याकाळी मंदिरासमोर अकरा घरांची माणसं जमली होती आणि काका त्यांच्यात उभे राहून सांगत होते, "माजे पोराचा काय नाय त्यान. हिनी केलाय." जुलैत 'नाव घरतांचाच' होतं. आज घर फाटून दोन झालं. केसरकाकू, जिच्या बांधावर मी लहानपणापासून खेळले, ती म्हणाली, "येत नाय तं कराचा कशाला?"

मी नाही म्हटलं नाही. म्हणणार काय, चूक माझीच आहे. पण एकशे सतरातला एकच त्याने माझा म्हणून ओळखला आणि त्यावर माझं नाव घातलं. ती एक ओळ त्याला लिहिता येत होती तर.

२९ ऑगस्ट

सकाळी स्वतःच्या खात्यातून लिहिलं, इंग्रजीत, चार ओळी. ही चूक माझी आहे. हा भाग मी बारा मे ते दोन जून लिहिला. क्षयतिथीचा विचार केला नाही, आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांना दाखवला नाही. सोबत दुरुस्ती जोडली आहे, या वेळी रघू घरत यांनी ती उघाडीवर बसून ऐकली आणि दोनदा चुकीची ठरवली, मग बरोबर म्हटली. लिहिणारी: हेमाली घरत. सांगणारे: रघू घरत.

तासाभरात ग्लेनिसबाईंचं उत्तर आलं. दुरुस्ती आत घेतली होती. खाली लिहिलं होतं: "जुलैमध्ये प्रणय घरत म्हणाले होते की यातलं काहीच तुमचं नाही. काल म्हणाले की हा भाग पूर्ण तुमचा आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. मग बाकीचे एकशे सोळा कुणाचे?"

आई दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो. "नको गो," म्हणाली. "त्याची नोकरी जाल. घरची गोष्ट हाय."

मी विचारलं, "काल देवळासमोर माझं नाव घेतलं तेव्हा ती घरची गोष्ट नव्हती का? तू तिथेच होतीस."

ती होती. डोक्यावर पदर घेऊन, बायकांच्या मागे. ती तेव्हाही काही बोलली नव्हती आणि आजही बोलली नाही, दाराची चौकट धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघत थांबले. मला खरंच हवं होतं की तिने एकदा, एकदाच, माझ्या बाजूने काहीतरी म्हणावं, मग मी कदाचित लॅपटॉप मिटलाही असता.

ती आत निघून गेली. मी व्हॉट्सॲप उघडलं, सोळा मार्चपासून सुरुवात केली आणि फाइली एकेक करून जोडल्या. एकशे सोळा. पाठवायला चाळीस मिनिटं लागली.